राज्यपाल आणि पाच वर्षं : बाबांच्या वहीतला चौथा रकाना

मीनल_खेतवाडी
दिवाळीची साफसफाई काढलीय. परवा माळ्यावरून बाबांची पत्र्याची ट्रंक खाली घेतली, वरती जुने पेपर, विम्याच्या पावत्या आणि तळाशी लाल कापडी बांधणीची एक वही. बाबा १९५८ ला सचिवालयात कारकून म्हणून लागले, तेव्हा मंत्रालय कोणी म्हणत नव्हतं. घरखर्चाचा हिशोब असेल म्हणून उघडली तर मधल्या चार पानांवर फूटपट्टीने रेघा मारून राज्यपालांची यादी! चार रकाने, नाव, कधी आले, कधी गेले आणि चौथा ‘कारण’. पहिली नावं शाईच्या पेनाने टपोऱ्या अक्षरात, पुढे बॉलपेन, आणि शेवटाकडे अक्षर हललेलं दिसतं.

सुरुवात राजा महाराज सिंग यांच्यापासून, जानेवारी १९४८, मुंबईचे पहिले भारतीय गव्हर्नर. मग गिरिजाशंकर बाजपेयी, डिसेंबर १९५४, कारण ‘निधन’. हरेकृष्ण महताब, ऑक्टोबर १९५६, ‘ओरिसाचे मुख्यमंत्री झाले’. श्रीप्रकाश, १० डिसेंबर १९५६ ते १६ एप्रिल १९६२, ‘मुदत पूर्ण’. पी. सुब्बरायन, १७ एप्रिल १९६२ ते ६ ऑक्टोबर १९६२, ‘निधन’. म्हणजे सहा महिनेसुद्धा नाहीत. विजयालक्ष्मी पंडित, ‘लोकसभा पोटनिवडणूक’. पी. व्ही. चेरियन ‘निधन’, अली यावर जंग ‘निधन’, सादिक अली ‘मद्रासला बदली’, ओ. पी. मेहरा ‘राजस्थानला बदली’, आय. एच. लतीफ ‘फ्रान्सला राजदूत’, शंकरदयाळ शर्मा ‘उपराष्ट्रपती’. आणि सगळ्यात शेवटची ओळ, पी. सी. अलेक्झांडर, १२ जानेवारी १९९३ ते... पुढे कोरं. बाबा २००१ च्या पावसाळ्यात गेले.

माझी लेक राज्यसेवेची तयारी करतेय, गाइडमधून तारखा घोकत असते. तिने चार पानं बघितली आणि पहिलं वाक्य काय बोलली, आई, ‘मुदत पूर्ण’ फक्त एकदाच लिहिलंय. मी परत बोट ठेवून ठेवून वाचलं, खरंच एकदाच. राज्यपालाची मुदत पाच वर्षांची असं शाळेत नागरिकशास्त्रात लिहून आपण मार्क मिळवले ना? मग महाराष्ट्रात ती पूर्ण कोणी केली? बाबांची यादी मला आजपर्यंत आणायची आहे, चौथ्या रकान्यासकट. ज्यांना जे पक्कं माहीत आहे ते लिहा प्लीज.

शशी_आजोबा_माहीम
मीनल, वडिलांची वही जपून ठेव, असली नोंद करणारी माणसं आता राहिली नाहीत. चेरियन साहेबांचं सांगतो. १४ नोव्हेंबर १९६४ ला आले आणि नोव्हेंबर १९६९ च्या दुसऱ्या आठवड्यात गेले. हिशोब कर, पाच वर्षं पुरी व्हायला आठवडासुद्धा उरला नव्हता. पेशाने डॉक्टर माणूस. मुदत पूर्ण व्हायच्या दारात येऊन पदावर असतानाच गेले.

आणि अली यावर जंग. ते पाच वर्षांच्या पुढे गेले होते, फेब्रुवारी १९७० ते डिसेंबर १९७६, पावणेसात वर्षं. तेही पदावर असतानाच वारले. मी तेव्हा नोकरीला लागलो होतो, आमच्याकडे बुश कंपनीचा रेडिओ होता त्यावर सकाळच्या बातम्यांत ऐकलं आणि आई पोळी लाटता लाटता थांबली, म्हणाली, अरे हे तर किती वर्षं होते. लोकांना त्यांची सवय झाली होती, सत्तरचं दशक म्हटलं की राज्यपाल म्हणजे जंग साहेब. बांद्रा रेक्लमेशनला त्यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे ना, ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी काम करते, १९८३ ला सुरू झाली. माझ्या नातवाला तिथेच तपासायला नेत होतो, किती तरी वर्षं. तिथे रांगेत बसलेल्या आईबापांपैकी कोणालाच नाव कोणाचं आहे ते माहीत नसायचं, मग मी सांगायचो.

राज्यसेवा_अभ्यासिका
मीनलताई, मुदतीचा कायदा असा आहे. कलम १५६ मध्ये आधी लिहिलंय की राज्यपाल राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पद धारण करील, आणि पाच वर्षं त्याच्या खाली येतात, ‘या अनुच्छेदातील तरतुदींना अधीन राहून’. म्हणजे मर्जी आधी, पाच वर्षं नंतर. आणि पाच वर्षं संपली तरी पुढचा माणूस पदावर येईपर्यंत जुना चालू राहतो, तेही त्याच कलमात आहे. म्हणून श्रीप्रकाश यांची सव्वापाच वर्षांच्या वर झाली. परीक्षेत ‘राज्यपालाचा कार्यकाल निश्चित असतो’ असं विधान देतात आणि निम्मी मुलं बरोबर म्हणून टिक करतात. तुमच्या मुलीला सांगा ते चूक आहे.

२०१० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने बी. पी. सिंघल खटल्यात सांगितलं की मर्जी आहे म्हणून मनाला येईल तसं काढता येत नाही, केंद्रात सरकार बदललं एवढं कारण पुरत नाही. पण कारण कळवायची सक्ती नाही. त्यामुळे व्यवहारात काय होतं, राजीनामा ‘येतो’. १९९० ला व्ही. पी. सिंग सरकारने बहुतेक सगळ्या राज्यपालांकडून राजीनामे मागवले, त्यात आपले कासू ब्रह्मानंद रेड्डी जानेवारी १९९० ला गेले. २०१४ ला के. शंकरनारायणन यांची मिझोरामला बदली काढली, ते तिकडे गेलेच नाहीत, राजीनामा दिला.

परळचा_प्रकाश
मस्त धागा. ताई मी थोडं मागे जातो कारण पाच वर्षांची सवय इंग्रजांच्या वेळची आहे. मुंबईचे गव्हर्नर बघा, फर्ग्युसन १८८० ते ८५, रे १८८५ ते ९०, हॅरिस १८९० ते ९५, सँडहर्स्ट १८९५ ते १९००. घड्याळ लावल्यासारखे आले आणि बोटीत बसून गेले. पुढे विलिंग्डन १९१३-१८, लॉइड १९१८-२३, विल्सन १९२३-२८, साइक्स १९२८-३३. परका राज्यकर्ता पाच वर्षांनी न चुकता बदलायचा आणि आपल्या राज्यघटनेत पाच वर्षं लिहून तो हिशोब आपल्याला पाळता आला नाही हे मला खरंच लागतं.

आणि मुंबईकर तर रोज गव्हर्नरांच्या नावावर चढतो उतरतो. हार्बरला रे रोड, सँडहर्स्ट रोड, वेस्टर्नला ग्रँट रोड, एल्फिन्स्टन. लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिकचा माल घ्यायला जातो तो लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते ०७. शाळेतल्या पोरांची हॅरिस शील्ड हीच त्या गव्हर्नर हॅरिसची, १९८८ ला आझाद मैदानावर सचिन-कांबळीची ६६४ ची भागी झाली ती याच स्पर्धेत. ब्रेबॉर्न स्टेडियमसुद्धा गव्हर्नरच्या नावाचं. एल्फिन्स्टन कॉलेज आणि स्टेशन दोन्ही त्याच माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचं ज्याने पेशवाई संपल्यावर इथला कारभार बसवला.

कॉटनग्रीन_वैशाली
प्रकाशदादा, एक दुरुस्ती. कॉलेज माउंटस्टुअर्टच्या नावाचं बरोबर, तो १८१९ ते १८२७. पण स्टेशनचं नाव ज्याच्यावरून पडलं तो दुसरा, त्याचा पुतण्या लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन, १८५३ ते १८६०, म्हणजे १८५७ च्या वेळी मुंबईचा गव्हर्नर. २०१८ पासून त्या स्टेशनचं नाव प्रभादेवी. आणि विल्सन कॉलेज गव्हर्नर विल्सनचं नाही हां, ते मिशनरी जॉन विल्सनचं, हेही लोक खूप मिसळतात.

ग्रँट रोडचा रॉबर्ट ग्रँटसुद्धा मीनलताईंच्या चौथ्या रकान्यात ‘निधन’ मध्ये जाईल. १८३५ ला आला आणि १८३८ च्या जुलैत पुण्याजवळ दापोडीला वारला, तिथे तेव्हा गव्हर्नरचा बंगला होता.

परळचा_प्रकाश
अरे हो, पुतण्या! धन्यवाद वैशाली, इतकी वर्षं मी एकच समजत होतो. आमच्या परळचंपण सांगतो, गव्हर्नरचं घर आधी परळला होतं, आज जिथे हाफकिन संस्था आहे तीच इमारत. १८८२ ला गव्हर्नर फर्ग्युसनची बायको त्या घरात कॉलऱ्याने गेली आणि त्यानंतर बिऱ्हाड मलबार पॉइंटला हललं. आजोबा हाफकिनच्या कंपाउंडला शेवटपर्यंत ‘लाटसाहेबाचं घर’ म्हणायचे.

नागपूरकर_ठाण्यात
सगळं वाचलं, चांगलं आहे, पण मुंबईच्या लोकांना राज्यपाल म्हणजे वाळकेश्वर आणि शपथविधी एवढंच दिसतं म्हणून लिहितो. आमच्या विदर्भासाठी आणि मराठवाड्यासाठी राज्यपाल हा फार जिवाचा विषय आहे. कलम ३७१(२). महाराष्ट्राच्या राज्यपालांकडे विशेष जबाबदारी दिलीय की विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळं काढायची आणि विकासखर्चाचं न्याय्य वाटप बघायचं. बाकी बहुतेक राज्यपालांना असलं काम नाही.

१९८४ ला दांडेकर समितीने अनुशेष, म्हणजे मागे राहिलेल्या भागांची विकासातली तूट, मोजला, ३१८६ कोटींच्या आसपास. पण मंडळं आली कधी तर १९९४ ला, अलेक्झांडर असताना. आणि राज्यपालांनी निधीवाटपाचे निर्देश काढले तेही त्यांच्याच काळात, २००१ ला. हे का जमलं माहितेय का, कारण तो माणूस साडेनऊ वर्षं एका जागी बसला होता. जानेवारी ९३ ते जुलै २००२. फाइल समजायलाच दोन वर्षं लागतात हो. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा, कृषिपंपांचा, प्रत्येकाचा वेगळा तक्ता असतो, माझे काका अमरावतीला पाटबंधारे खात्यात होते, ते तक्ते घरी आणून रात्री कंदिलाच्या उजेडात जुळवत बसायचे कारण लाइट नसायची. तो कंदील आणि त्याखाली ‘कृषिपंपांचे विद्युतीकरण, शिल्लक’ असं लिहिलेला कागद, हे चित्र माझ्या डोक्यातून जात नाही.

मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली आणि वाढली नाही. आणि २०१९ च्या सप्टेंबरपासून २०२५ पर्यंत कोश्यारी, बैस, राधाकृष्णन आणि मग अतिरिक्त कार्यभार. सहा वर्षांत चार जण. कोणाला धरून विचारायचं?

डोंबिवली_फास्ट_लोकल_स्मिता
नागपूरकर दादा तुमचं दुःख कळतं पण मला मुळातच प्रश्न पडतो, ज्याला आपण निवडून देत नाही त्याने जास्त दिवस राहावं अशी अपेक्षा आपण का करायची. सही मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने करायची असते. मग कोण किती दिवस राहिला याने काय फरक पडतो.

राज्यसेवा_अभ्यासिका
स्मिताताई, फरक पडतो तो जिथे सल्ला नसतो किंवा सल्ला अडतो तिथे. दोन उदाहरणं देतो.

एक, राष्ट्रपती राजवट. महाराष्ट्रात तीन वेळा लागली. १७ फेब्रुवारी १९८० ला पुलोदचं (शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाचं) सरकार बरखास्त झालं तेव्हा सादिक अली राज्यपाल, ती जूनपर्यंत चालली. दुसरी २८ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर २०१४, विद्यासागर राव येऊन महिनाच झाला होता. तिसरी १२ नोव्हेंबर २०१९ ला, कोश्यारी येऊन दोन महिने आणि काही दिवस. ती २३ नोव्हेंबरला पहाटे ५:४७ ला उठली आणि आठच्या सुमारास राजभवनात शपथविधी झाला, ते सरकार २६ तारखेला गेलं, २८ ला शिवाजी पार्कवर दुसरा शपथविधी. नवीन आलेला राज्यपाल आणि राज्याचं सगळ्यात अवघड राजकारण दोन वेळा एकत्र आले.

दोन, विधान परिषदेतले १२ राज्यपालनियुक्त सदस्य. जागा रिकाम्या झाल्या जून २०२० ला. मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२० ला यादी दिली. निर्णय नाही. ऑगस्ट २०२१ ला मुंबई हायकोर्टाने सांगितलं की आठ महिने हा वाजवी काळ झाला. तरी नाही. २०२२ ला सरकार बदललं आणि यादी मागे घेतली. शेवटी ऑक्टोबर २०२४ ला सात जणांची नेमणूक झाली. चार वर्षांच्या वर, तीन राज्यपाल. कला, साहित्य, विज्ञान, सहकार, समाजसेवा यातल्या लोकांसाठी ठेवलेल्या जागा आहेत त्या, कलम १७१ वाचा. घटनेने त्या रिकाम्या ठेवायला सांगितलेल्या नाहीत.

आणि मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाने शिवसेनेतल्या २०२२ च्या फुटीनंतरच्या सत्तासंघर्षाच्या निकालात राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं समर्थनीय नव्हतं असं स्पष्ट म्हटलं. तोपर्यंत कोश्यारी फेब्रुवारीतच पायउतार झाले होते. तर फरक पडतो ताई.

डोंबिवली_फास्ट_लोकल_स्मिता
हम्म. हे १२ जागांचं एवढं लांबलं ते लक्षात नव्हतं. एक जागा जरी एखाद्या नाटकवाल्याला किंवा शेतीशास्त्रज्ञाला मिळाली असती तर चार वर्षं तो बोलला असता. माझं मत थोडं बदललं, पूर्ण नाही. निवडून न आलेल्या माणसाच्या हातात असलं अडवून ठेवणं असावंच का, हा प्रश्न माझा राहतोच.

शशी_आजोबा_माहीम
स्मिता, प्रश्न बरोबर आहे तुझा. सरकारिया आयोगाने १९८८ च्या अहवालात राज्यपाल बाहेरच्या राज्यातला असावा, रोजच्या राजकारणापासून लांब असावा आणि त्याची पाच वर्षं सहसा मोडू नयेत असं सुचवलं होतं. पहिली गोष्ट आपल्याकडे कायम पाळली गेली, महाराष्ट्राला मराठी राज्यपाल कधी नव्हता. आपली माणसं बाहेर गेली, काकासाहेब गाडगीळ पंजाबला, वसंतदादा राजस्थानला, प्रतिभाताई राजस्थानला आणि तिथून राष्ट्रपती भवनात, राम नाईक उत्तर प्रदेशला आणि त्यांनी पाच वर्षं पूर्ण केली. दुसऱ्या दोन गोष्टींचं काय झालं ते तुम्ही सगळे लिहिताच आहात.

विजयालक्ष्मीबाईंबद्दल कोणी लिहिलं नाही. महाराष्ट्राच्या आजवरच्या एकमेव महिला राज्यपाल. नोव्हेंबर १९६२ ला आल्या तेव्हा चीनचं युद्ध नुकतंच थांबलं होतं. त्याआधी १९५३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या अध्यक्ष झालेल्या, जगातल्या पहिल्या महिला. मे १९६४ ला नेहरू गेले, फूलपूरची जागा रिकामी झाली आणि ऑक्टोबरमध्ये त्या मुंबई सोडून भावाच्या जागेवर लढायला गेल्या. दोन वर्षंसुद्धा पुरी नाहीत. साठ वर्षं झाली, त्यानंतर एकही बाई नाही, हे तुमच्या रकान्यात कुठे बसत नाही पण लिहून ठेवा.

कॉटनग्रीन_वैशाली
काका हे वाचून खरंच वाईट वाटलं. एकवीस जणांत एक.

मध्ये पद रिकामं पडतं तेव्हा काय होतं तेही यादीत घ्या मीनलताई. कलम १६० खाली राष्ट्रपती सोय करतात. आधीची पद्धत म्हणजे मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती काम बघायचे. सुब्बरायन गेले तेव्हा न्या. चैनानी, पंडित गेल्या तेव्हाही चैनानीच. जंग साहेबांनंतर न्या. कांटावाला, म्हणजे डिसेंबर १९७६ ते एप्रिल १९७७, आणीबाणीचे शेवटचे महिने आणि ती निवडणूक, सगळं हंगामी राज्यपालाच्या काळात. आता शेजारच्या राज्यपालाला अतिरिक्त कार्यभार देतात. २०१४ ला काही दिवस गुजरातचे ओ. पी. कोहली होते. विद्यासागर राव आपले असतानाच सप्टेंबर २०१६ पासून वर्षभर तामिळनाडूपण बघत होते, जयललिता गेल्या तेव्हा तेच. कोश्यारींकडे गोवा होतं. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये गुजरातचे आचार्य देवव्रत आपल्याकडे आले. एक माणूस दोन राज्यांचा राज्यपाल होऊ शकतो ही तरतूद १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीची.

गिरगाव_चौपाटी_रोहन
मी गेल्या हिवाळ्यात राजभवन बघायला गेलो होतो, ऑनलाइन बुकिंग करून, पहाटे गेटवर आधारकार्ड दाखवून आत सोडतात. समुद्राकडून वारा येत असतो, मोर ओरडत असतात आणि गिरगाव चौपाटी जी आपण रोज या बाजूने बघतो ती उलटी दिसते. भुयार पण बघितलं. २०१६ ला विद्यासागर रावांच्या वेळी ती बंद भिंत फोडली, आत साधारण १५० मीटर लांब बोगदा आणि १३ खोल्या निघाल्या, ब्रिटिशांच्या वेळचा तोफखान्याचा. खोल्यांवर इंग्रजीत शेल स्टोअर, काडतूस भांडार, वर्कशॉप असं लिहिलेलं होतं. भिंतीला हात लावला तर थंडगार, ओलसर.

माझ्या मनात तेव्हा हेच आलं की पन्नास एकर जागेत एवढे राज्यपाल राहून गेले आणि पायाखाली काय आहे ते कोणाला माहीत नव्हतं. जो पाच वर्षं राहिला त्याच्या वेळीच ते उघडलं. कदाचित योगायोग असेल, पण जो माणूस सहा महिन्यांत जाणार आहे तो म्हाताऱ्या माळ्याशी किंवा जुन्या शिपायाशी बोलत बसत नाही, आणि असल्या गोष्टी त्यांच्याकडूनच कळतात.

आणि १ मे १९६० च्या मध्यरात्री महाराष्ट्र राज्याची घोषणा नेहरूंनी याच राजभवनात केली, श्रीप्रकाश राज्यपाल होते. १०५-१०६ माणसं ज्यासाठी गेली ते राज्य त्या टेकडीवर जाहीर झालं. गाइडने ती जागा सांगितली तेव्हा आमच्या ग्रुपमधल्या एक आजी चपला काढून उभ्या राहिल्या.

नागपूरकर_ठाण्यात
रोहन, माळ्याशी बोलण्याचं बरोबर लिहिलंस. आमच्याकडे हिवाळी अधिवेशनाला राज्यपाल नागपूरला येतात तेव्हाही तेच, जो दुसऱ्या तिसऱ्या वर्षी येतो तो शिष्टमंडळातल्या माणसांना नावाने ओळखायला लागतो. मग काम पुढे सरकतं.

राज्यसेवा_अभ्यासिका
मोजणी टाकतो, म्हणजे ताईंना सोपं जाईल. १ मे १९६० पासून श्रीप्रकाश पहिले धरले आणि हंगामी, अतिरिक्त सोडले तर सी. पी. राधाकृष्णन एकविसावे. म्हणजे पासष्ट वर्षांत एकवीस, सरासरी जेमतेम तीन वर्षं. गाइडमध्ये आणि नेटवर आकडा वेगवेगळा येतो कारण कोणी १९४८ पासून मोजतं, कोणी हंगामीपण धरतं. मुलीला सांगा आधी मोजणी कुठून ते बघायचं.

बाबांच्या यादीच्या पुढे असं जाईल. अलेक्झांडर जुलै २००२, राष्ट्रपतिपदासाठी नाव चर्चेत आलं, ते झालं नाही, पद सोडलं आणि महाराष्ट्रातूनच अपक्ष राज्यसभेवर गेले. मोहम्मद फजल ऑक्टोबर २००२ ते डिसेंबर २००४. एस. एम. कृष्णा डिसेंबर २००४ ते मार्च २००८, २६ जुलैच्या पुराच्या वेळी तेच, राजीनामा देऊन राजकारणात परतले आणि २००९ ला परराष्ट्रमंत्री. एस. सी. जमीर मार्च २००८ ते जानेवारी २०१०, २६/११ त्यांच्या काळात. शंकरनारायणन जानेवारी २०१० ते ऑगस्ट २०१४. विद्यासागर राव ३० ऑगस्ट २०१४ ते ४ सप्टेंबर २०१९. कोश्यारी ५ सप्टेंबर २०१९ ते फेब्रुवारी २०२३, राजीनामा. रमेश बैस १८ फेब्रुवारी २०२३ ते जुलै २०२४. राधाकृष्णन ३१ जुलै २०२४ ते सप्टेंबर २०२५, उपराष्ट्रपती झाले. शंकरदयाळ शर्मांनंतर आपल्या राजभवनातून थेट उपराष्ट्रपती झालेले हे दुसरे.

पाच वर्षांच्या रेघेपलीकडे गेलेले चारच. श्रीप्रकाश, जंग, अलेक्झांडर, राव.

शशी_आजोबा_माहीम
चार खरे, पण मीनलच्या वडिलांचा चौथा रकाना लावून बघ बाळा. जंग साहेबांपुढे ‘निधन’ आहे. अलेक्झांडर साहेब पहिली मुदत संपवून १९९८ ला परत नेमले गेले आणि दुसरी अर्ध्यात सोडून गेले. म्हणजे मुदत संपली म्हणून सामान बांधून घरी गेले असे दोनच, श्रीप्रकाश आणि विद्यासागर राव. मध्ये सत्तावन्न वर्षं.

परळचा_प्रकाश
सत्तावन्न वर्षं... काका हे असं कधी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

अलेक्झांडर साहेबांबद्दल माझंपण एक. १२ जानेवारी ९३ म्हणजे मुंबई जळत होती तेव्हा ते आले. आमच्या चाळीत रात्री आळीपाळीने पहारा असायचा. दोन महिन्यांत १२ मार्चचे बॉम्बस्फोट, सप्टेंबरच्या शेवटी किल्लारीचा भूकंप. एका वर्षात एवढं. त्यांनी सुधाकरराव नाईकांचं शेवटचं पर्व बघितलं आणि पवार, मनोहर जोशी, राणे, विलासराव अशा चार जणांना मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली. ९५ ला शिवाजी पार्कवरचा जोशीसरांचा शपथविधी मी कठड्यावर चढून बघितला होता. आम्ही नववी-दहावीत होतो ते नोकरीला लागलो तरी राज्यपाल तेच.

मीनल_खेतवाडी
सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस लेक आणि मी वही घेऊनच बसलोय. शशीकाका तुमचं ‘दोनच’ वाचून मी परत श्रीप्रकाश यांच्या ओळीवर गेले. बाबांनी ‘मुदत पूर्ण’ च्या खाली बारीक रेघ मारलीय, बाकी कुठल्याच कारणाखाली रेघ नाही. इतके दिवस ती मला दिसलीच नव्हती. चेरियन यांच्या ओळीत तारखेपुढे पेन्सिलीने ‘६ दिवस’ असंपण आहे, आधी मला ते काय ते कळलं नव्हतं, आता कळलं.

नागपूरकर दादा, बाबांच्या वहीत १९९४ साली अलेक्झांडर यांच्या नावापुढे समासात ‘वि. मंडळे’ असं लिहिलेलं आहे. मी ते विम्याचं काहीतरी समजत होते.

विजयालक्ष्मीबाईंसाठी पाचवा रकाना नाही काढला, पण त्यांच्या नावापुढे मी लेकीला लिहायला सांगितलं.

राधाकृष्णन यांच्यापर्यंतची नावं लेकीने नव्या पानावर उतरवली, तिच्या अक्षरात, राव यांच्यापुढे ‘मुदत पूर्ण’ लिहून तिनेही खाली रेघ मारली. अलेक्झांडर यांची ओळ मात्र बाबांच्याच पानावर होती, ‘१२ जानेवारी १९९३ ते’. ती मी स्वतः भरली. १३ जुलै २००२.